धाकटीच्या नावावर

सोमवारी सकाळी साडेनऊला साहेबांचं बोलावणं आलं, तेव्हाच ताईला ते विचित्र वाटलं. सोमवारी साहेब कधी कुणाला बोलवत नसत. सुट्टीत साचलेल्या तक्रारी त्या दिवशी एकदम अंगावर येतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि माणूस तसा समंजस होता.

ताई ही त्या कंपनीतल्या मदत विभागाची प्रमुख. तिचं खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. साहेब तिच्याहून नऊ वर्षांनी लहान आणि दोन पायऱ्या वर, तेही तिला ताईच म्हणत. कंपनी रक्त-लघवीच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. नमुन्याच्या बाटलीवर चिकटवायची पट्टी छापण्यापासून रिपोर्ट डॉक्टरच्या हातात पडेपर्यंत सगळं त्यातून चालायचं. ते अडलं की प्रयोगशाळेतली माणसं ताईच्या विभागाला फोन लावायची. अशा प्रत्येक तक्रारीला कंपनीत 'तिकीट' म्हणत. तिकीट उघडायचं, अडचण सोडवायची, 'सोडवणारा' असं लिहिलेल्या चौकटीत नाव निवडायचं आणि तिकीट बंद करायचं. सातजणांचा विभाग, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच.

"दार लावलंय ना, ताई?" साहेबांनी स्क्रीनवरून विचारलं. ते दुसऱ्या शहरातल्या कचेरीत बसत. त्यांच्या मागची भिंत नेहमीच पांढरी असे. आज तेही त्याच रंगाचे दिसत होते.

"लावलंय."

"बसलात ना?"

"साहेब, बसल्याशिवाय तुम्ही दिसत नाही. बोला आता."

"प्रत्येक विभागातून एकेक माणूस कमी करायचाय."

ताईनं विचारलं, "मला ठरवायला किती दिवस आहेत?"

"ठरवायचं नाहीये. ठरलंय. वर्षभरात कुणी किती तिकिटं सोडवली त्याची यादी यंत्रानं काढली. ज्याचं नाव शेवटी, तो जातो. गुरुवारी अकरा वाजता तुम्ही सांगायचं, सोबत एचआरच्या बाई असतील. तोवर कुणाच्या कानावर जाता कामा नये."

"शेवटी कोण आहे?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "काका."

ताईला हसू फुटलं. आवरायच्या आत फुटलंच. "साहेब, यादी कुणीतरी उलटी धरलेली दिसते."

साहेब हसले नाहीत.

काका म्हणजे त्या विभागातलं सगळ्यात जुनं माणूस. वय पंचावन्न, एकोणीस वर्षं त्याच कोपऱ्यात, त्याच खुर्चीवर. बरेच फोन तर त्यांच्यासाठीच यायचे. "ते आधी पाणी प्यायला सांगतात ते गृहस्थ आहेत का?" असं विचारत लोक. कारण पलीकडून कुणी घाबराघुबरा ओरडू लागला, की काका म्हणायचे, "आधी घोटभर पाणी प्या. मी कुठं पळून चाललोय? हं, आता सांगा, पट्टी तिरकी येतेय की येतच नाहीये?" तेवढ्यानं निम्मी तक्रार मिटायची. उरलेली त्यांच्या बोटांना पाठ असायची. माणूस मात्र सरळ नव्हता हो. तोंडाचा तिखट, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा, आणि आपल्यावाचून विभागाचं पान हलत नाही याचा भारी अभिमान. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगायचे, "तू टिकशील," किंवा, "तू दिवाळं काढशील, पण हरकत नाही, बस." मंगळवारी आणि शुक्रवारी ते दुपारी बाराला यायचे, कारण त्या दोन सकाळी काकूंना इस्पितळात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला न्यावं लागे. तीन वर्षं ते चालू होतं, आणि सगळं कंपनीच्या विम्यावर.

असा माणूस यादीत शेवटी कसा गेला, हे ताईला विचारावं लागलं नाही. ती साहेबांशी बोलता बोलताच समजून चुकली होती, आणि म्हणूनच तिचं ते हसू अर्ध्यात विरलं.

सहा वर्षांपूर्वी ताईचे वडील अंथरुणाला खिळले होते. ती कचेरीत यायची ती नुसतं शरीर घेऊन. महिन्याअखेरीला तिच्या नावावर जेमतेम वीस तिकिटं असायला हवी होती. निघाली एकशे बारा. ती धावत काकांकडे गेली. काका म्हणाले, "यंत्राची चूक असेल. यंत्रं चुकतात म्हणून तर आपल्याला पगार आहे." एवढंच. वडील गेले, ताई सावरली, पुढं प्रमुख झाली, आणि मग ती विभागाची रीतच पडली. ज्याच्या घरी काही अरिष्ट असेल त्याची तिकिटं बाकीच्यांनी सोडवायची आणि चौकटीत नाव त्याचं निवडायचं. विभागात त्याला 'पांघरूण' म्हणत.

"या महिन्यात पांघरूण कुणाला?" असं पहिल्या तारखेला कुणीतरी विचारी. जेवणानंतर उघड्या डोळ्यांनी झोपणारा एकजण होता, त्याला सगळे डुलक्या म्हणत. तो म्हणे, "मला द्या की. मला झोप येते."

"तुला गादीपण देऊ," काका म्हणत. "तिकिटं मात्र तुझी तू सोडव."

ताईचा एक नेम होता. वडील गेले त्या दिवसापासून ती खोटं बोलत नसे. लहानसंही नाही, घरी कुणी आलं आणि नवरा म्हणाला, "सांग, मी नाही," तर ती सांगे, "ते आहेत, पण त्यांना यायचं नाहीये." नवरा कपाळावर हात मारून घेई. रोज सकाळी देवापुढे दोन मिनिटं हात जोडून ती आदला दिवस आठवी आणि कुठं जीभ घसरली का ते पाही. पांघरुणाचा विचारही तिनं तिथंच कैकदा केला होता. नाव निवडणं म्हणजे बोलणं नव्हे, असं तिनं मनाला समजावलं होतं. आणि वर्षाच्या शेवटी खरं काय ते ती लिहीतच असे. प्रत्येकाच्या कामाच्या तक्त्यात एक 'शेरा' असा रकाना असायचा. काकांचे आकडे दरवर्षी कमीच असत, पण त्या रकान्यात ताई दहा ओळी लिहायची, हा माणूस नसेल तर विभाग उभा राहणार नाही म्हणून. वरची मंडळी ते वाचत आणि मान डोलवत. सगळं बिनबोभाट चाललं होतं.

आठ महिन्यांपूर्वी नवा तक्ता आला. त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. ताईनं ते पाहिलं होतं. पाहिलं, मनाशी म्हणाली, विचारू एकदा साहेबांना, आणि फोन वाजला, आणि राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर तीन महिन्यांनी धाकटीचं दुखणं निघालं. धाकटी म्हणजे विभागातली सर्वांत लहान, चोवीस-पंचवीसची, घरात एकटी कमावणारी. मागं आई आणि शिकता भाऊ. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. रजा पहिल्या पंधरवड्यातच संपली. मग कागदोपत्री ती 'घरून काम' करत होती. प्रत्यक्षात साडेतीन महिने पाठीवर पडून, गोळ्यांच्या गुंगीत. ताई म्हणाली होती, "सगळे मिळून थोडी थोडी वाटून घेऊ." काका म्हणाले, "वाटण्या कसल्या करताय? मी आहे ना." आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांना हायसंच वाटलं. ताईलासुद्धा.

मंगळवारी सकाळी देवापुढे उभी राहिली तेव्हा ताईला कालचा दिवस आठवावा लागला नाही. तो डोळ्यांपुढून हललाच नव्हता. ती लवकर कचेरीत आली, दार लावलं आणि साहेबांना तिनं आपणहून स्क्रीनवर फोन लावला.

"साहेब, मला काही सांगायचंय. ते आकडे खोटे आहेत. काकांनी—"

"थांबा." साहेबांनी हात वर केला. "ताई, पुढचं बोलायच्या आधी नीट ऐका. मला तुमचा विभाग माहीत आहे. मी आंधळा नाही. पण जे तुम्ही सांगणार आहात ते मी ऐकलं, तर मला ते लिहावं लागेल. लिहिलं तर चौकशी. चौकशीत काय निघेल? एकानं दुसऱ्याचं नाव घातलं, म्हणजे खोटी नोंद. दुसरीनं काम न करता पगार घेतला, म्हणजे फसवणूक. आणि तिसरीला माहीत असून तिनं चालू दिलं."

"तिसरी मी."

"तिघांना काढतील. आणि हे कमी करणं नव्हे, हे कारण लिहून काढणं. सातव्या दिवशी विमा बंद. ते पत्र पुढं जिथं नोकरी मागाल तिथं तुमच्याआधी पोचेल." त्यांनी आवाज खाली आणला. "काकांना नुसतं कमी केलं तर तीन महिने विमा चालतो. मी विचारून घेतलंय."

"मग मी काय करू?"

"तुम्ही मला फोन केलाच नाही," साहेब म्हणाले. मग जरा वेळानं, "मलाही हे रुचत नाहीये, ताई. माझ्याकडे अशा अकरा याद्या आहेत."

स्क्रीन काळी झाली तरी ताई तिच्याकडे बघत बसली. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

बुधवारी सकाळी सगळ्या कंपनीला एक पत्र आलं. रंगीत, वर चांदण्या काढलेल्या. तिमाहीत सर्वांत जास्त तिकिटं सोडवणाऱ्या पाच कर्मचाऱ्यांचं अभिनंदन, आणि पहिलं नाव धाकटीचं.

धाकटी दहाच दिवसांपूर्वी कामावर परतली होती. कमरेला पट्टा, बसताना खुर्चीचे दोन्ही हात धरून हळूच टेकायची. ती पत्राकडे बघतच राहिली.

"अगं, पार्टी कधी?" डुलक्या म्हणाला. "झोपून पहिला नंबर! मी इतकी वर्षं झोपतोय, मला साधी चांदणी नाही."

"गप रे," धाकटी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "काका, बघितलंत का हे? हे तुमचं आहे."

"माझं कसं? नाव वाच की. डोळ्यांचंही ऑपरेशन करायचंय का?" काका मान वर न करता म्हणाले, आणि सगळे हसले. ताई हसू शकली नाही. तिला वाटलं, तिचं तोंड कुणी बघू नये. पण काकांनी बघितलं होतं.

चहाच्या यंत्रापाशी त्यांनी तिला गाठलं. कागदी पेला यंत्राखाली धरून म्हणाले, "सोमवारपासून तू बंद पडलेल्या प्रिंटरसारखी झालीयेस. दिवा लागलाय, कागद येत नाही."

"काही नाही, काका—" आणि ती अडखळली. 'काही नाही' हेही खोटंच होतं.

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. चहा पेल्यात भरून वर आला, बोटांवर सांडला, तरी त्यांनी हात काढला नाही.

"मी ना?" ते म्हणाले.

ताईनं पुढं होऊन यंत्राचं बटण बंद केलं.

"बोलू नकोस. तुझा नेम माझ्यापायी नको मोडायला." त्यांनी पेला बाजूला ठेवला, बोटं रुमालाला पुसली. "कधी?"

"काका, मला परवानगी नाही."

"म्हणजे लवकरच." ते भिंतीला टेकले. नेहमीचं काहीतरी तिखट बोलतील म्हणून ताई वाट बघत होती. जे आलं ते तिखटच होतं, पण वेगळं. "तो शेऱ्याचा रकाना. त्यांनी काढला ना? काल मी तुझ्या टेबलावर नवा तक्ता पाहिला. तुला कधी कळलं?"

"आठ महिन्यांपूर्वी."

"आठ." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "मला का नाही सांगितलंस गं? एका शब्दानं? मी निदान चार-चार तरी माझ्या नावावर घेतली असती. दिवसाला चार. कुणाचं काय गेलं असतं?"

ताई घाईनं म्हणाली, "मी सांगणार आहे त्यांना, काका. धाकटीची सगळी तिकिटं तुम्ही सोडवलीत म्हणून. मी काल सांगायला गेले होते, साहेबांनी ऐकून घेतलं नाही. मी आणखी वर जाईन."

"खबरदार!" हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. "मला नुसतं काढताहेत. माझं वय झालंय, मला असंही कुणी घेणार नाही, तसंही घेणार नाही. त्या पोरीला कारण लिहून काढतील. त्या शिक्क्यानिशी ती कुठं उभी राहील? अजून तिला नीट बसता येत नाही. आणि माझा तीन महिन्यांचा विमा, तोही जाईल. तुझ्या खरेपणापायी. नाही ना बोलणार?"

"काकूंचं काय करायचं, काका? तीन महिन्यांनंतर?"

"ते मला विचारू नकोस." त्यांनी रुमाल खिशात घातला. "आत्ता तरी विचारू नकोस."

गुरुवारी अकराला तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत ताई, काका आणि एचआरच्या बाई असे तिघं बसले. बाईंच्या गालात खोकल्याची गोळी होती. त्यांची सकाळपासूनची ही पाचवी बैठक, आणि घसा बसला होता. टेबलावर एक छापील कागद. त्यावरचंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं ताईला आधी बजावलं होतं.

तिनं वाचलं. आवाज आपलाच आहे असं तिला वाटेना. "कंपनीच्या फेररचनेमुळे आपलं पद आजपासून संपुष्टात येत आहे. हा निर्णय आपल्या कामगिरीचं मूल्यमापन नाही."

"मग कशाचं आहे?" काकांनी विचारलं. भांडायला नव्हे, खरंच विचारलं.

ताईनं कागदावर पुढं पाहिलं. तिथं विम्याबद्दल होतं.

"त्याचं उत्तर कागदात नाहीये," एचआरच्या बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "माफ करा."

"नाही, नाही, तुम्ही पाणी प्या," काका म्हणाले. "घसा बघा किती बसलाय."

ताईला वाचवेना. अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी झाली. काकांनी कागद हळूच आपल्याकडे ओढला आणि उरलेलं स्वतःच वाचून काढलं, मोठ्यानं, न अडखळता, फोनवर कुणाला पायऱ्या समजावून सांगतात तसं. मग सही केली.

"वर एक फोन होल्डवर ठेवलाय," ते म्हणाले. "त्या बंदरावरच्या प्रयोगशाळेचा. पट्ट्या उलट्या येताहेत. दोन मिनिटांचं काम आहे, तेवढं संपवून—"

"तुमचं खातं अकरा वाजताच बंद झालंय, सर," बाई म्हणाल्या. "वर जाता येणार नाही. तुमचं सामान खाली आणून देतील."

काकांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. ताईला वाटलं, सहीपेक्षाही हेच त्यांना लागलं असावं. एकोणीस वर्षांत होल्डवर ठेवलेला माणूस त्यांनी तसाच सोडला नव्हता.

ताई वर आली तेव्हा काकांच्या फोनवरचा तो दिवा अजून लुकलुकत होता. तिनं उचलला, बंदरावरच्या माणसाला पट्टीची गुंडाळी काढून उलटी बसवायला सांगितली, आणि तिकीट बंद करताना 'सोडवणारा' या चौकटीत काकांचं नाव शोधलं. ते यादीत नव्हतं.

"काका कुठे गेले?" धाकटी तिच्या मागं उभी होती. ताईचा चेहरा पाहून तिला पुढचं विचारावं लागलं नाही. ती खुर्चीचा आधार न घेता धपकन बसली आणि कळ आली तशी डोळे मिटून घेतले. "यादी तिकिटांवरून काढली, हो ना? कालचं पत्र आणि ही यादी, एकाच आकड्यांतून."

"हो."

"मी आत्ता जाऊन सांगते."

"नको," ताई म्हणाली. "तुला काढतील. त्यांचा विमासुद्धा जाईल. काकांनी मला शपथ घातल्यागत सांगितलंय."

"त्यांनी सांगितलं. आणि तुम्ही? तुम्हाला काय वाटतं?"

ताईनं काकांच्या टेबलावरचा फोन नीट सरळ ठेवला. इतकी वर्षं ती समजत आली होती की खोटं न बोलणं पुरेसं असतं. आता गप्प बसणंच तिच्या तोंडात मातीसारखं लागत होतं.

"मी उद्यापर्यंत काही करणार नाही," धाकटी म्हणाली. पण तिनं तो शब्द पाळला नाही. घरी जाताच तिनं एचआरला पत्र लिहिलं आणि शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ताईला स्क्रीनवर दाखवलं. काही लपवलं नव्हतं. मी साडेतीन महिने काम केलेलं नाही. माझ्या नावावरची तिकिटं काकांनी सोडवली. सोबत तिकिटांच्या क्रमांकांची अख्खी यादी जोडली होती: सातशे त्रेचाळीस. त्यांना परत घ्या आणि मला काढा.

ताईनं पत्र पुन्हा एकदा वाचलं. "अगं, काय केलंस हे?"

"झोपेतसुद्धा मला चांदण्या दिसत होत्या, ताई. दुसरं काही सुचेना."

मग दोघी उत्तराची वाट बघत राहिल्या. फोन येत होते, तिकिटं बंद होत होती. ताईनं मनातल्या मनात हिशेब मांडला, कुणाला काय सांगायचं, नवऱ्याला कसं सांगायचं. साडेनऊला तिनं टेबलाचा खण आवरून ठेवला. दहाला आपली शाल घडी करून पिशवीत घातली. उत्तर सव्वाअकराला आलं. धाकटीनं ते उघडलं आणि ताई तिच्या खांद्यावरून वाचू लागली.

'आपल्या सहकाऱ्याच्या जाण्यानं आपल्याला झालेलं दुःख आम्ही समजू शकतो. अशा वेळी मनात अपराधीपणाची भावना येणं स्वाभाविक आहे. आपण व्यक्त केलेल्या आपुलकीची आम्ही कदर करतो. तिकिटांच्या आकड्यांची यंत्राकडून पडताळणी झालेली असून त्यांत कोणतीही चूक आढळलेली नाही. मन मोकळं करावंसं वाटल्यास समुपदेशकांचा क्रमांक खाली दिला आहे. या तिमाहीतल्या उत्तम कामगिरीबद्दल पुन्हा एकदा अभिनंदन.'

"त्यांनी यादी उघडलीच नाही," धाकटी म्हणाली. "ताई, त्यांनी उघडून बघितलंच नाही."

ताईचा पहिला श्वास सुटकेचा होता. तो आपसूक सुटला, आणि लगोलग तिला त्याची इतकी लाज वाटली की तिनं तोंडावर हात धरला. म्हणजे चौकशी होणार नव्हती. कुणाला कारण लिहून काढणार नव्हते. ज्या भीतीपायी ती चार दिवस ओठ शिवून बसली होती, ती भीती पोकळ होती. बोलली असती तरी काही बिघडलं नसतं. आणि काही सुधारलंही नसतं.

"आता काकांना काय सांगायचं?" धाकटीनं विचारलं. "ओरडतील मला."

"ओरडू दे," ताई म्हणाली आणि तिनं फोन लावला.

शुक्रवार होता; काका इस्पितळातच होते. मागं माणसांचा गलका, कुठंतरी नंबर पुकारल्याचा आवाज. "बोल लवकर," ते म्हणाले. "मी विम्याच्या खिडकीशी रांगेत आहे. पुढं एकच माणूस आहे."

ताईनं सांगितलं. पत्र, यादी, उत्तर, सगळं. काका ओरडले नाहीत.

"उघडलीच नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"किती लिहिली होती तिनं?"

"सातशे त्रेचाळीस."

"सातशे एकेचाळीस," काका म्हणाले. "दोन तिनं स्वतः सोडवली होती. अंथरुणातून फोन करून मला म्हणाली, काका, एवढी तरी मला करू द्या. तिला सांग, ती तिची आहेत." मग आवाज बाजूला वळला. "हो बाई, आलो. हे कार्ड. पेशंट माझी बायको."

फोन त्यांनी बंद केला नव्हता. हातातच राहिला असावा. खिडकीतल्या बाईचा आवाज ताईला लांबून पण स्पष्ट ऐकू आला. "हे कंपनीचं कार्ड ना? कामाला तिथंच आहात का अजून?"

ताई फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली. मधे कुणीतरी खोकलं, एक नंबर पुकारला गेला.

"अहो आजोबा, तुम्हालाच विचारतेय," बाई म्हणाली.